हाक मारणाऱ्याचं नाव

डोंगरातल्या आक-बेल गावात कोणाचा मान किती हे विचारावं लागत नाही. मेजवानीला जावं आणि कोणापुढे कोणतं हाड येतं ते बघावं. बैशेनाली उस्तादांपुढे कित्येक वर्षं मेंढ्याचं डोकं येत असे. ते कान कापून लहान पोरांना वाटायचे, एखाद्याची टोपी उडवायचे, आणि मग बाकीचे हात घालायचे. या वेळी पुतण्याच्या लग्नात त्यांच्यापुढे बरगड्या आल्या, दाराजवळ बसणाऱ्यांना देतात तशा.

त्यांची सून बुरूल तेव्हा चहा वाढत होती. ताट बघून ती वाढायची थांबली. सासऱ्यांनी मात्र बरगडी उचलली, नीट सोलून खाल्ली, आणि खोकल्याची उबळ आली तसे रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले. त्या रुमालावर हल्ली रक्त असतं हे घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

"बरगडी तर बरगडी," घरी येताना ते म्हणाले. "डोकं खायला दात लागतात. माझे आता राहिलेत कुठे?"

"आबा, थट्टा नका करू."

"मग काय रडू? रडण्याचं खातं तू सांभाळतेसच की."

रस्त्याच्या कडेला बटाट्याची पोती भरून ठेवली होती, आणि डोंगरावर पहिली पांढरी रेघ दिसायला लागली होती. या माणसाला पुढचा हिवाळा दिसणार नाही असं डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

बरगडीचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. तंदूरवाल्या बुबुसाराची लेक कलिमा दोन हिवाळ्यांपूर्वी बाळंतपणात गेली. आजाऱ्यांना न्यायला गाड्या धाडणाऱ्या गाडी-केंद्राला फोन झाला होता, पत्ता सांगितला होता, पलीकडून "पाठवतो" असं उत्तरही आलं होतं. गाडी मात्र निघालीच नाही. संगणकाने पत्ता गिळला आणि ढेकरही दिला नाही. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रकमधून नेलं. पोर वाचलं, कलिमा नाही. केंद्रातला सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालायचा तो बैशेनालींनी उभा केलेला. राजधानीहून चौकशीला माणसं आली, त्यांनी बिघाडांच्या नोंदींचा लॉग उघडला, आणि त्या वेळेसमोर एकच नाव होतं.

"हे तुमचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," बैशेनाली म्हणाले.

चौकशी तिथेच संपली. जाता जाता उस्तादांनी एक हुकूम सोडला, की यापुढे प्रत्येक पत्ता कागदावरही लिहायचा आणि ड्रायव्हरला तोंडी सांगायचा. मग टोपी उचलून घरी आले ते आलेच.

आता त्या नावाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रोग्राम म्हणजे लहान लहान प्रोसीजरचा गोतावळा. एक प्रोसीजर पत्ता शोधते, एक जवळची गाडी शोधते, एक ड्रायव्हरला निरोप धाडते. एक दुसरीला हाक मारते, दुसरी तिसरीला. केंद्राची रीत अशी, की जो लिहील त्याने प्रोसीजरच्या नावाआधी आपलं नाव लावायचं. आणि प्रत्येकीच्या तळाशी चार ओळी असत: काही बिघडलं तर लॉगला कळव, की अमकी अडखळली. त्या चार ओळी पहिल्यांदा बैशेनालींनी आपल्या प्रोसीजरखाली लिहिल्या, अर्थातच आपलं नाव घालून. पुढे हाताखालच्या पोरांनी त्याच ओळी उचलून आपापल्या कामाखाली चिकटवल्या. नाव तेवढं बदलायचं होतं. पण उस्तादांचं नाव खोडायचं कोणी? जित्याजागत्या वडीलधाऱ्याचं नाव आपल्या हाताने पुसणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. शिवाय कोणीतरी म्हणालं, तळाशी उस्तादांचं नाव असलं की कामाला बरकत येते. बैशेनालींनी "पुसा" म्हटलं नाही. मनातून त्यांना ते आवडायचंही. माणूसच ते.

अशा मानापानाने लॉगची वाट लागली. अडखळायचं कोणीही, बोट दाखवलं जायचं बैशेनालींकडे. एरवी कोणाला पत्ता नव्हता, कारण बारीकसारीक बिघाड आपोआप निस्तरले जात. कलिमा गेली तेव्हा मात्र त्या आदराची किंमत एकट्या म्हाताऱ्याकडून वसूल झाली.

बुरूलही त्याच केंद्रात कामाला. चौकशीच्या दिवसांत तिने सासऱ्यांना विनवलं होतं, "त्या ओळी सगळ्यांनी उचलल्यात, आबा. तुम्ही बोला ना."

"बोललो की. माझी आहे म्हणून सांगितलं."

"खरी कोणाची ते यंत्रालाच विचारता येतं. नाव हाताने लिहायचंच नाही. मी करते, दोन दिवसांचं काम आहे."

तेव्हा ते तिच्यावर पहिल्यांदा ओरडले होते. "त्या ओळींना हात लावायचा नाही! या घरात अजून माझं ऐकतात ना?"

ती ऐकत आली. सून होती. सासऱ्यांचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि नवऱ्याचंही नाही. जिथे ओळीओळीवर माणसांची नावं, तिथे ही रीत सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत. केंद्रातला टेलिफोनवरचा कादिर तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा आणि मुद्दाम छळायचा.

"बुरूल एजे, सर्व्हर कोणाच्या प्रोसीजरवर अडलाय?"

"आमच्या घरच्या मोठ्यांच्या."

"आणि ही पलीकडची कोणाची?"

"गुलीपाच्या बाबांची. आणि तू आता गप्प बैस, नाहीतर तुझा चहा बंद."

बोटं टाइप करायची ती नावं, तोंड मात्र मिटलेलं. गुलीपा ही तिची लेक, यंदा शाळेत जायला लागली होती. गुलीपाचे बाबा, म्हणजे बैशेनालींचा एकुलता एक मुलगा तुरात, कलिमाच्याही आधी दोन वर्षं गेला होता. घाटात बर्फावरून गाडी घसरली. तोही याच केंद्रात होता, हसतखेळत काम करणारा, लग्नात सगळ्यांच्या पुढे नाचणारा. तो गेल्यापासून बुरूलने त्याची एकही फाइल उघडली नव्हती. त्या चालत होत्या, आणि चालतात तोवर हात लावू नये असं ती स्वतःला सांगायची.

लग्नाहून आल्यावर बैशेनालींनी अंथरूण धरलं. आपला शेवट जवळ आला असं वाटलं की माणूस एकेकाला बोलावतो आणि विचारतो, "माझ्यावर राजी आहेस?" समोरचा म्हणतो, "राजी आहे." मग जाणाऱ्याच्या छातीवरचा दगड उतरतो. माणसं येऊन गेली. ज्याच्या शेतातलं पाणी एकदा तोडलं होतं तो आला, ज्याला भर मेजवानीत गाढव म्हटलं होतं तो आला, हसला, राजी म्हणून गेला. बुबुसारा आली नाही. निरोप गेले ते तसेच परत आले. शेवटी तिने कोणाकडून तरी उत्तर धाडलं: "त्याला म्हणावं वाट बघ. माझ्या लेकीनेही बघितली होती."

बैशेनालींनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. ती पाठ बघून बुरूलचा जीव तुटला. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं तिच्या मनात आलं, आणि त्या न बघितलेल्या चोराचा तिला संताप आला. खरं नाव हाती लागलं तर बुबुसारा येईल. एवढं एकच तिला हवं होतं, की म्हातारा मोकळा होऊन जावा.

दुसऱ्या दिवशी ती नव्या साहेबासमोर उभी राहिली. झमीर नावाचा हा गृहस्थ खुर्ची सोडून बाकी कशाचीच काळजी करत नसे.

"लॉगच्या ओळी बदलते," ती म्हणाली.

"का? चाललंय ना?"

"नावं चुकीची येतात."

"मग बरोबरची आण. पण काही बंद पडलं तर मला माहीत नव्हतं, काय?"

तिने प्रत्येक प्रोसीजरच्या तळाचं हाताने लिहिलेलं नाव काढून टाकलं. आता लॉग लिहिणारी प्रोसीजरच, बिघाड होईल त्या क्षणी, यंत्राला विचारणार होती: मला हाक कोणी मारली? आणि यंत्र जे सांगेल तेच लिहिणार होती. यंत्राला ना सासरा ना नवरा, ना रीत ना भीड. ओळी बदलताना तिने फक्त तळ बघितला, वरचं काही वाचलं नाही. प्रत्येक ठिकाणी सासऱ्यांचं नाव खोडताना तिचं बोट अडायचं, आणि ती मनात म्हणायची, आबा, हे तुमच्यासाठीच चाललंय.

मग वाट बघणं आलं. आठवडा तसाच गेला. घरी म्हाताऱ्याचा श्वास करवतीसारखा वाजायला लागला.

एका दुपारी ट्रॅक्टर रस्त्यावर कोणीतरी आजोबा सफरचंदाच्या झाडावरून पडले. ट्रॅक्टर रस्त्याला आता ट्रॅक्टर रस्ता म्हणायचं नसतं. एका सरकारने त्याचं बाग रस्ता केलं, दुसऱ्याने ओरोझ बातीर रस्ता केलं, आणि गावाने दोघांनाही न जुमानता ट्रॅक्टरच ठेवलं. कादिरने पत्ता कागदावर लिहिला, ड्रायव्हरला ओरडून सांगितला, गाडी गेली, आजोबांचा पाय जुळवला गेला. संगणकाने मात्र पत्ता पुन्हा गिळला होता.

"एजे, लॉगमध्ये काहीतरी पडलं बघ!" कादिर म्हणाला.

ती धावत आली. पडद्यावर एकच ओळ होती.

हाक मारणारी प्रोसीजर: तुरात, जुना रस्ता.

तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. कादिरही वाचत होता. त्याने हळूच आपली खुर्ची मागे घेतली आणि चहा आणायचं निमित्त काढून बाहेर गेला.

चार वर्षांनी तिने नवऱ्याची फाइल वरपासून वाचली. त्याचं लिहिणं त्याच्या बोलण्यासारखंच होतं, भरभर आणि मोकळं. जुनं नाव घ्यायचं, नवं नाव शोधायचं, पुढे द्यायचं. एकदा नाव बदललेल्या रस्त्यांचं सगळं चोख होतं. दोनदा बदललेला रस्ता आला की पुढे रिकामाच पत्ता जायचा. कलिमाच्या घराचा रस्ताही दोनदा बदललेला होता. त्या जागी तुरातने स्वतःसाठी टीप ठेवली होती: "दोनदा बदललेले उरलेत. नंतर." नंतरला त्याच्याकडे वेळच उरला नाही.

बुरूलने तिथल्या तिथे ते दुरुस्त केलं. थोड्याशा ओळी लागल्या. गावातला एकेक जुना रस्ता घालून बघितला, प्रत्येक पत्ता नीट निघाला. मग ती खुर्चीत मान खाली घालून रडली, कारण एवढंसं काम होतं, आणि त्याने तिला सांगितलं असतं तर तिने तेव्हाच करून टाकलं असतं.

घरी आली तेव्हा बैशेनाली जागे होते. गुलीपा त्यांच्या पायाशी बसून चित्र काढत होती. बुरूलने तिला शेजारी धाडलं.

"आबा, मी त्या ओळी बदलल्या."

त्यांनी डोळे उघडले. "मी नको म्हटलं होतं."

"यंत्राने नाव सांगितलं."

त्यांनी कोणाचं ते विचारलं नाही. तिथेच तिला कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"कलिमा गेली त्याच दिवशी उघडून बघितलं. तो एक रस्ता यादीत नीट केला. बाकी करायच्या आत चौकशीवाल्यांनी केंद्राच्या किल्ल्या काढून घेतल्या."

"आणि बाकीचे रस्ते? दुसरं कोणी मेलं असतं तर?"

"म्हणून तर कागद लावून दिला."

"कागद हरवतो, आबा! कादिर त्यावर सूर्यफुलाच्या बिया खातो!"

म्हातारा बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "खरंय. फोन वाजला की दोन वर्षं माझं काळीज हलायचं. ते पाप माझंच, बुरूल. ते त्याच्यावर घालता येणार नाही."

"पण का? सांगितलं असतं तर काय झालं असतं? तो काही मुद्दाम..."

"मेलेल्याला माफी मागता येत नाही, पोरी." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तो मातीखाली आहे. बुबुसाराने राग धरला तर तो कोणापुढे जाऊन म्हणेल, राजी हो? मी जिवंत होतो. म्हटलं माझ्या अंगावर घेतो, आणि माझ्या तोंडाने दोघांचं मागतो. आणि गुलीपा? तिला शाळेत कोणी म्हणावं, तुझ्या बापामुळे कलिमा गेली? माझ्यामुळे गेली म्हणतात तर म्हणू दे. आजोबा काय, जायचेच असतात."

"आणि ती आलीच नाही तर?"

"तर तसाच जाईन. तू मात्र तिला सांगायचं नाहीस."

बुरूलने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, पायाशी पडलेलं गुलीपाचं चित्र उचलून ठेवलं. मग शाल घेतली आणि बाहेर पडली. सासऱ्यांची आज्ञा दुसऱ्यांदा मोडायला ती निघाली होती.

बुबुसारा तंदूरवर वाकून नान थापत होती. कलिमाचं पोर पिठाच्या पोत्याला धरून उभं होतं, नाकापासून गुडघ्यापर्यंत पांढरं.

"म्हाताऱ्याने धाडलं?" तिने वर न बघता विचारलं.

"नाही. त्यांना कळलं तर मला घरात घ्यायचे नाहीत."

"मग कशाला आलीस? दया मागायला? माझ्याकडची संपली."

"बुबुसारा आपा, ती चूक त्यांची नव्हती."

बुबुसारा सरळ झाली. कणकेने भरलेले हात तिने पुढे तसेच धरले होते. "दोन वर्षांनी आठवलं?"

"दोन वर्षं नाव चुकीचं लागत होतं. आज यंत्राने खरं सांगितलं. ती प्रोसीजर... आमच्या घरातल्याच माणसाची. गुलीपाच्या..."

"नीट बोल. कोणाची?"

"माझ्या घरच्यांची."

"नाव घे." बुबुसारा एक पाऊल पुढे आली. "माझी लेक मेली, बुरूल. तुझी रीत मी काय चाटायची? नाव घे त्याचं."

बुरूलने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. लग्न होऊन या घरात आल्यापासून, त्याचं प्रेत अंगणात आणलं त्या दिवशीसुद्धा, तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. बाकीच्या बायकांनी नाव घेऊन आक्रोश केला होता, ती नुसतीच ओरडली होती.

"तुरात," ती म्हणाली.

आपल्याच तोंडातून तिने ते नाव पहिल्यांदा ऐकलं. इतकं लहान नाव होतं ते. तिला वाटलं, हाक मारायला किती सोपं होतं, आणि तो ऐकायला होता तेव्हा आपण एकदाही मारली नाही.

तंदूरमधून जळक्या नानचा वास यायला लागला. बुबुसारा तिकडे वळली नाही.

"तुरात," तिने म्हटलं. "कलिमाच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचला होता तो. जावयाच्या घोड्याला टोपी घातली होती त्याने." ती पोत्यावर बसली. "रोज कणीक तिंबताना मी म्हाताऱ्याला शिव्याशाप दिले. रोज. एक दिवस चुकवला नाही. त्याला ठाऊक आहे, चूक कोणाची ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मूग गिळून का बसला?"

बुरूलने सासऱ्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, मेलेल्याला माफी मागता येत नाही इथपासून. बुबुसारा ऐकत होती, आणि पोर तिच्या मांडीवर चढून तिच्या हाताची वाळलेली कणीक खरवडत होतं. मग तिने हात धुतले, बरे निघालेले नान फडक्यात बांधले, पोराला कडेवर घेतलं आणि रस्त्याला लागली. बुरूल मागून चालत होती. ही बाई सासऱ्यांवर खेकसायला निघाली आहे की आणखी कशासाठी, ते तिला कळत नव्हतं.

बुबुसाराला दारात बघून बैशेनाली उठून बसायला धडपडले. बुरूलने उशी पाठीला लावली आणि ती दाराशी जाऊन मान खाली घालून उभी राहिली.

"आलीस," ते म्हणाले. "बुबुसारा, माझ्या कामात खोट राहिली. माझ्यामुळे तुझी कलिमा गेली. मी जातोय. माझ्यावर राजी होशील?"

बुबुसाराने एकदा बुरूलकडे बघितलं, मग खिडकीतल्या फोटोकडे, ज्यात तुरात गुलीपाला खांद्यावर घेऊन हसत होता. बुरूलने डोळे मिटून घेतले.

"चूक तुमची होती, बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं बुबुसारा म्हणाली.

बुरूलने डोळे उघडले.

"तुमचीच होती. दुसऱ्या कोणाची नाही. आणि मी राजी आहे."

म्हाताऱ्याने विचारलं, "सगळ्यावर?"

"तुम्ही जेवढं मागताय तेवढ्या सगळ्यावर."

तिने नान मोडला आणि एक तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांना तो गिळता आला नाही. मुठीत धरून ते लहान मुलासारखे रडले, आणि कलिमाचं पोर आजीच्या कडेवरून त्यांच्याकडे टकामका बघत राहिलं. रडणं थांबल्यावर त्यांना झोप लागली, कितीतरी दिवसांनी न खोकता. त्या झोपेतून ते उठले नाहीत.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी बुरूल बुबुसाराला पोचवायला फाटकापर्यंत गेली. तिने बुबुसाराचा हात धरायला आपला हात पुढे केला. बुबुसाराने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हाताऱ्याला मी राजी म्हटलं ते म्हटलं," ती म्हणाली. "ते नाव मात्र पुन्हा माझ्यापुढे घेऊ नकोस."

बुरूलने ते पुन्हा कोणापुढेच घेतलं नाही. केंद्रातल्या लॉगमध्येही ते परत कधी आलं नाही. ती प्रोसीजर आता अडखळत नव्हती.